किरकोळ आज्ञा : एम ७ ची गोष्ट

मागच्या वेळी आपण कार्बाइडबद्दल बोललो तेव्हा प्रश्नोत्तरांत एकानं विचारलं होतं की घरच्या छोट्या सीएनसी मिलिंग मशीनला कुलंटचा फवारा बसवायचाय, तो प्रोग्रॅममधूनच चालू-बंद व्हायला हवा, तर काय करावं? मी तेव्हा म्हटलं होतं, एक रिले, एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, आणि झालं. घरी गेल्यावर मात्र चुकल्यासारखं वाटलं. उत्तर चुकीचं नव्हतं, पण त्या रिलेच्या 'टिक' आवाजामागे सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो सांगायचाच राहिला. आज तो सांगतो.

ज्यांचा या यंत्रांशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी दोन वाक्यं. सीएनसी यंत्राला आपण ज्या ओळींतून हुकूम देतो त्यांत 'जी'नं सुरू होणारे हुकूम मुख्यतः हालचालीचे असतात. इकडे जा, तिकडे जा, वर्तुळात फिर. आणि 'एम'नं सुरू होणारे बाकीचे. एम ३ म्हणजे स्पिंडल फिरव, एम ५ म्हणजे थांबव. एम ७ म्हणजे धुकं सोड, एम ८ म्हणजे धार सोड, एम ९ म्हणजे दोन्ही बंद कर. हा 'एम' कशाचा? पुष्कळांना वाटतं मशीनचा. तो 'मिसलेनियस'चा, म्हणजे किरकोळचा. हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

सुरुवात उष्णतेपासून करू. १७९८ साली काउंट रमफर्ड याचा एक निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. म्युनिकच्या शस्त्रागारात तो तोफा कोरण्याच्या कामावर देखरेख करत होता आणि कोरताना पितळ किती तापतं हे बघून चक्रावला होता. त्यानं मुद्दाम बोथट हत्यार घेतलं, धातूभोवती पाण्यानं भरलेली लाकडी पेटी बसवली, आणि घोड्यांकरवी ते गरगर फिरवलं. अडीच तासांनी पाणी उकळलं. विस्तव नाही, जाळ नाही, आणि पाणी उकळतंय! बघे थक्क झाले असं त्यानंच लिहून ठेवलंय. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रयोग 'उष्णता म्हणजे पदार्थ नव्हे, गती' यासाठी येतो. कारखान्यातल्या माणसानं मात्र तो वेगळा वाचावा. धातू कापायला लावलेली जवळजवळ सगळी ताकद शेवटी उष्णता होते, आणि ती कुठेतरी जावी लागते. चिपमध्ये जाईल, जॉबमध्ये जाईल, नाहीतर हत्याराच्या टोकात जाईल. टोकात गेली की टोक मऊ पडतं.

हत्यारावर पाणी टाकायची पद्धत जुनीच होती. चाकावर धार लावणाऱ्याला ती कुणी शिकवावी लागली नाही. ब्रिटिश कारखान्यांत तर कुलंटला अजून 'सड्स' म्हणतात, म्हणजे साबणाचा फेस, कारण पूर्वी ते खरोखर साबणाचं पाणीच असायचं. पण एका डब्यातून थेंब-थेंब टपकणारं पाणी वेगळं आणि पाण्याचा हिशेब मांडणं वेगळं. तो हिशेब मांडला फ्रेडरिक विन्स्लो टेलर यानं.

टेलर म्हटलं की आपल्याला स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे उभा असलेला गृहस्थ आठवतो. तो तसा होताही. पण त्याआधी तो फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात धातू कापण्याचे प्रयोग करत होता, आणि ते पुढे सव्वीस वर्षं चालले. १८८३ च्या सुमाराला त्याच्या लक्षात आलं की चिप जिथे सुटते नेमक्या त्या जागी पाण्याची जाड धार सोडली तर कापण्याचा वेग तीस ते चाळीस टक्के वाढवता येतो. आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? एक बादली टांगली असती. या माणसानं १८८४ साली कारखान्याची नवी इमारतच या शोधाभोवती बांधून घेतली. प्रत्येक यंत्र लोखंडी परातीत बसवलेलं. परातीत साठलेलं पाणी जमिनीखालच्या नळांतून एका हौदात, तिथून पंपानं वरच्या टाकीत, टाकीतून परत प्रत्येक यंत्रावर. गंज चढू नये म्हणून पाण्यात सोडा. आज कुठल्याही मोठ्या कारखान्यात जी मध्यवर्ती कुलंट यंत्रणा दिसते ती ही.

यातली खरी गंमत पुढे आहे. १९०६ साली अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे, म्हणजे एएसएमईपुढे, अध्यक्ष म्हणून बोलताना टेलरनं तक्रार केली, की मिडव्हेलचा कारखाना सगळ्यांना पाहायला खुला होता, फायदा डोळ्यांना दिसत होता, तरी १८९९ पर्यंत जवळजवळ कुणीही त्याची नक्कल केली नाही. अपवाद फक्त एका छोट्या कारखान्याचा, आणि तिथली माणसं मूळची मिडव्हेलचीच. चाळीस टक्के फायदा उघड्यावर पडलाय आणि पंधरा वर्षं कुणी उचलत नाही! तंत्रज्ञान 'पसरतं' असं आपण सहज म्हणून जातो. ते आपोआप पसरत नाही. त्यासाठी फरशी उखडावी लागते, आणि फरशी कुणाला उखडायची नसते.

आणि अजून एक. हे पाणी कामगाराच्या सोयीसाठी आलं नव्हतं. वेग वाढावा म्हणून आलं होतं, आणि वाढलेल्या वेगाबरोबर कामाचं माप वाढलं. कपडे ओले व्हायचे ते कामगाराचे.

पुढचा काळ मी भराभर ओलांडतो. हायस्पीड स्टील आलं, १९२७ साली जर्मनीच्या क्रुप कंपनीनं कार्बाइड बाजारात आणलं, पाण्याच्या जागी पाण्यात मिसळणारं तेल आलं. तेच आपल्याकडचं सोल्युबल ऑइल, दुधासारखं पांढरं दिसणारं. कार्बाइडनं मात्र एक नवी अडचण केली. मिलिंगमध्ये कटरचा प्रत्येक दात धातूत शिरतो आणि बाहेर येतो. आत असताना तापतो, बाहेर आला की धारेखाली एकदम गार होतो. मिनिटाला हजारो वेळा हे असं. तापलेल्या काचेच्या ग्लासावर गार पाणी ओतल्यावर जे होतं तेच सावकाश होतं. दाताच्या कडेला आडव्या बारीक भेगा पडतात, कंगव्यासारख्या. म्हणजे भरपूर धार हे प्रत्येक रोगावरचं औषध नाही.

इथे धुक्याची पाळी येते. तत्त्व साधं आहे. बारीक नळीच्या तोंडावरून हवा वेगानं गेली की तिथला दाब उतरतो, खालचं द्रव वर ओढलं जातं आणि हवेबरोबर थेंब होऊन उडतं. जुनी अत्तराची फवारणी तशीच चालते. या फवाऱ्यातलं द्रव धारेच्या मानानं नगण्य असतं. धार मिनिटाला कित्येक लिटर वाहते. १९९० नंतर जर्मनीत जो किमान वंगणाचा, एमक्यूएलचा, जोरदार अभ्यास झाला त्यात तासाला पन्नास मिलिलिटरच्या आतबाहेर तेलाची भाषा आहे. तासाला जेमतेम पाव कप चहा! एवढ्यानं गारवा तो काय येणार? फारसा येत नाही, हे खरं. धुक्याचं मुख्य काम दुसरंच. हवेचा झोत चिप उडवून लावतो, आणि तेलाचा पातळ थर अॅल्युमिनियमला दाताला चिकटू देत नाही. छोट्या यंत्रावर कटर तुटतो तो बहुतेक वेळा तापल्यामुळे नाही, तर खाचेत अडकलेल्या चिपा पुन्हा पुन्हा कापाव्या लागल्यामुळे आणि दातांमध्ये अॅल्युमिनियम भरून बसल्यामुळे. ज्याची एंड मिल खाचेत अशी 'कट्' झालीय त्याला हे समजावून सांगायला नको.

आता दुसरा धागा. हुकुमाचा.

१९४० च्या दशकाच्या शेवटी मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीचे जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करत होते. वक्र आकार अचूक कापायचे तर आकड्यांनी कापावेत, ही त्यांची कल्पना. १९४९ मध्ये अमेरिकन हवाई दलाचं कंत्राट मिळालं, काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे गेलं, आणि सप्टेंबर १९५२ मध्ये तिथे आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन जगाला दाखवलं गेलं. सिनसिनाटी कंपनीचं हायड्रोटेल, तीन अक्ष, छिद्रं पाडलेली कागदी पट्टी, आणि व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेलं कपाट.

डेव्हिड नोबल या इतिहासकारानं १९८४ मध्ये 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' हे पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा असा : तेव्हा दुसरी वाटही उपलब्ध होती. कुशल कारागिरानं एकदा काम करायचं, त्याच्या हाताच्या हालचाली चुंबकीय फितीवर टिपायच्या आणि यंत्रानं त्याच पुन्हा करायच्या. ही वाट मागे पडली, कारण तिच्यात कारागीर केंद्रस्थानी राहत होता आणि व्यवस्थापनाला तर तेच नको होतं. नोबल कधीकधी ताणतो असं माझं मत आहे. गुंतागुंतीचे वक्र हातानं एकदाही नीट कापता येत नव्हते, मग टिपणार काय? पण त्याचा प्रश्न टाळता येत नाही. यंत्र चालवणाऱ्याचा हात आकड्यांत गेला तेव्हा त्या हाताचं नेमकं काय काय गेलं?

याचं उत्तर मला त्या 'किरकोळ' यादीत दिसतं. जुन्या मिलिंग मशीनवरचा माणूस आठवा. उजवा हात हँडलवर, म्हणजे हालचालीवर. ती सगळी गणितात गेली, तिच्यावर प्रबंध लिहिले गेले. पण डावा हात? तो स्पिंडलचा खटका दाबायचा, कुलंटची तोटी उघडायचा, नळी थोडी वाकवायचा, ब्रशनं चिपा झाडायचा, आवाज बदलला की तोटी वाढवायचा. तो डावा हात सगळाच्या सगळा 'मिसलेनियस' या खात्यात जमा झाला. तोटी उघडणं म्हणजे एम ८. फवारा सोडणं म्हणजे एम ७. आवाज ऐकून वाढवणं याला मात्र कुठलाच आकडा मिळाला नाही.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एमआयटीतच डग्लस रॉस यांच्या पुढाकारानं 'एपीटी' ही भाषा तयार झाली. इंग्रजीसारख्या शब्दांत यंत्राला हुकूम देण्याची. फेब्रुवारी १९५९ मध्ये पत्रकारांना ती दाखवली तेव्हा या पद्धतीनं कापलेला अॅल्युमिनियमचा अॅशट्रे भेट म्हणून वाटला होता. त्या काळी पत्रकारांना याहून उपयोगी भेट नसावी. (हशा) एपीटीत शब्द सहा अक्षरांपेक्षा मोठा चालत नसे, म्हणून 'कुलंट'च्या इंग्रजी स्पेलिंगमधला 'ए' कापला गेला आणि शब्द उरला सी-डबल ओ-एल-एन-टी. त्यापुढे तिरपी रेघ देऊन मिस्ट, फ्लड किंवा ऑफ. कॅमच्या कामात आजही हा 'ए' नसलेला शब्द भेटतो, आणि नव्या मुलांना ती छपाईची चूक वाटते.

पुढे हुकुमांची यादी अमेरिकेत ईआयएच्या आरएस-२७४ या मानकात बसली. त्याची 'डी' आवृत्ती १९८० ची. त्यात एम ८ म्हणजे 'कुलंट क्रमांक एक' आणि एम ७ म्हणजे 'कुलंट क्रमांक दोन'. आकड्यानं सात आधी, मानानं आठ आधी. धुकं तेव्हाही धाकटं. नंतर अमेरिकेच्या निस्ट संस्थेनं उघडा कंट्रोलर बनवला, ज्याच्यातून पुढे लिनक्ससीएनसी आलं. त्याच्या नियमांत एका ओळीतले हुकूम कुठल्या क्रमानं अमलात यावेत हे लिहिलंय. आधी स्पिंडल, मग कुलंट, मग थांबण्याचा वेळ, आणि त्यानंतर हालचाल. वाचताना मला गंमत वाटली, कारण कुठलाही जुना मिस्त्री याच क्रमानं काम करतो. डाव्या हाताची सवय कलमांत जाऊन बसलीय.

आणि मग हे सगळं टेबलावर आलं. २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी 'जीआरबीएल' लिहिलं. जे काम करायला १९५२ मध्ये कपाट लागलं होतं ते काम आर्डुइनो उनोच्या चिपवर, ३२ किलोबाइट जागेत. आज भोसरीत, शिरोलीत, आणि फ्लॅटच्या बंद बाल्कनीतही, पाट्या कोरणारी आणि अॅल्युमिनियमचे छोटे भाग कापणारी जी यंत्रं दिसतात त्यांतली कितीतरी या जीआरबीएलवर किंवा त्याच्या वंशजांवर चालतात. अशा यंत्राला धार चालत नाही. टेबल बऱ्याचदा लाकडी किंवा एमडीएफचं, परात नाही, आडोसा नाही. टेलरसारखी फरशी उखडायची सोय नाही. म्हणून इथे धाकट्याला मान मिळाला.

पण जीआरबीएलमध्ये एम ७ झोपवून ठेवलेला आहे! चिपला पाय मोजकेच. ए ३ हा पाय एम ८ ला दिला, आणि ए ४ वर एम ७ ची सोय लिहून ठेवून तिच्यापुढे दोन तिरप्या रेघा मारल्या. म्हणजे संगणकानं ती ओळ वाचायचीच नाही. ज्याला हवं त्यानं त्या दोन रेघा पुसाव्या आणि प्रोग्रॅम पुन्हा बांधून चिपमध्ये भरावा. बहुतेक लोक हे करतच नाहीत. फवाऱ्याचा व्हॉल्व्ह सरळ एम ८ च्या पायाला जोडतात आणि धुक्याला 'धार' म्हणून हाक मारतात. चालतं. मी मात्र रेघा पुसणाऱ्यांतला. फायलीत एम ७ दिसला की तीन वर्षांनीही कळतं, की इथे फवारा अपेक्षित होता.

आता तो मागच्या वेळचा प्रश्न. कंट्रोलरचा पाय पाच व्होल्ट देतो आणि काही मिलिअँपिअर. व्हॉल्व्हच्या गुंडाळीला बारा किंवा चोवीस व्होल्ट आणि त्याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो. म्हणून मध्ये रिले किंवा मॉसफेट. गुंडाळी डीसीची असेल तर तिच्या दोन टोकांवर उलटा डायोड टाकाच. गुंडाळीचा प्रवाह एकदम तोडला की ती उलट झटका देते, तो झटका शेजारच्या लिमिट स्विचच्या तारेत उमटतो आणि यंत्र ऐन कामात अलार्म देऊन थांबतं. मग माणूस तीन दिवस लिमिट स्विच बदलत बसतो. तारा दूरदूर ठेवा. स्वस्त रिले मॉड्यूलं पुष्कळदा उलट्या हुकुमावर चालतात, पाय शून्यावर गेला की लागतात. त्यामुळे कंट्रोलर चालू केल्याबरोबर फवारा उडू शकतो. जीआरबीएल १.१ मध्ये पाय उलटा करण्याची सोय आहे, ती वापरा. व्हॉल्व्ह असा घ्या की वीज गेली की स्प्रिंगनं बंदच होईल.

पुस्तकात न सापडणारी गोष्ट वेळेची. व्हॉल्व्ह 'टिक' करतो त्या क्षणी नॉझलमध्ये द्रव नसतं. नळीतून यायला एक-दोन सेकंद जातात, आणि तेवढ्यात कटर कोरडाच धातूत घुसलेला असतो. म्हणून एम ७ नंतर जी ४ नं दोन सेकंद थांबवा. इथेही इतिहास आडवा येतो. जी ४ पुढचा 'पी' जीआरबीएल आणि लिनक्ससीएनसीत सेकंद मोजतो, तर फानुक घराण्याच्या कंट्रोलरवर मिलिसेकंद. तिकडचा 'पी दोन हजार' इकडे चिकटवला तर यंत्र अर्धा तास ढिम्म उभं राहील आणि फवारा चालूच. उलट, एम ९ नंतर नळीत अडकलेल्या दाबानं द्रव टपकत राहतं. त्यावर उपाय सोपा आहे. व्हॉल्व्ह शक्य तितका नॉझलजवळ बसवा.

आणि आता जे मागच्या वेळी सांगायलाच हवं होतं ते. धुकं टेबलावरच राहत नाही. काही मायक्रॉनचे थेंब हवेत तासन्‌तास तरंगतात आणि श्वासाबरोबर थेट खोल फुप्फुसात जातात. शेतात फवारणी करणारा वाऱ्याची दिशा बघतो. बाल्कनीतल्या यंत्राला वाराच नसतो. अमेरिकेत तेलाच्या धुक्याची कायदेशीर मर्यादा घनमीटरला ५ मिलिग्रॅम. निओश या सरकारी संशोधन संस्थेनं १९९८ मध्ये धातुकामाच्या द्रावणांसाठी शिफारस केली अर्ध्या मिलिग्रॅमची, दहापट कडक. ती शिफारस कायदा झाली नाही. ती आली होती मोटारकारखान्यांतल्या आजारी माणसांमुळे. दमा, त्वचेचे विकार, आणि फुप्फुसाचा एक दाह, जो जुन्या, जंतू वाढलेल्या पाणीमिश्रित कुलंटमुळे होतो. २००३-०४ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिजला इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात असाच मोठा उद्रेक झाला. तिथे तर मोठमोठी बंदिस्त यंत्रं होती.

आपल्याकडे काय होतं? दहा बाय बाराची खोली, आवाज शेजाऱ्यांना जाऊ नये म्हणून दार बंद, आणि एम ७ प्रोग्रॅममध्ये असल्यामुळे माणूस निर्धास्त. हाताने तोटी उघडायची असती तर त्यानं कंटाळून बंद तरी केली असती. प्रोग्रॅम कंटाळत नाही. म्हणून चार गोष्टी करा. हवेचा दाब कमीत कमी ठेवा, फवारा दिसता कामा नये, जॉबवर ओलसर चकाकी दिसली की पुरे. दाब वाढवला की थेंब बारीक होतात आणि बारीक तेच घातक. पाणीमिश्रित कुलंट डब्यात महिनोन्‌महिने ठेवू नका. धूर खेचणारा पंखा लावा. आणि पितळ, प्लॅस्टिक, लाकूड कापताना फवारा सोडूच नका, नुसती हवा पुष्कळ होते.

शेवटची एक गोष्ट सांगून थांबतो, मग प्रश्न घेऊ. जीआरबीएलमध्ये यंत्राला 'थांब' म्हटलं, म्हणजे फीड होल्ड दिला, तर फक्त हालचाल थांबते. स्पिंडल आणि फवारा चालूच राहतात. चहाला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. सेफ्टी डोअरचा हुकूम दिला तर मात्र दोन्ही बंद होतात, आणि काम पुन्हा सुरू केलं की परत लागतात. याशिवाय १.१ आवृत्तीत एक वेगळा हुकूम आला, जो प्रोग्रॅमच्या ओळीत लिहायचाच नसतो. चालू कामात कुठल्याही क्षणी एक बाइट पाठवला की फवारा बंद, पुन्हा पाठवला की चालू. रेघा पुसून एम ७ जागा केलेला असेल तरच तो चालतो. त्याला एक साधं बटण जोडता येतं. मी ते यंत्राच्या डाव्या बाजूला लावलंय.